वाट कोणतीही, उंची तीच

काही विषयांची नावं ऐकली की माणूस रेडिओचा कान पिळतो आणि गाण्यांचं केंद्र शोधतो. ‘एक्झॅक्ट डिफरन्शियल इक्वेशन’ हे तसलंच नाव आहे. बी.एस्सी.च्या मुलांना ते ठाऊक असतं, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात ते सगळ्यांच्या मानगुटीवर बसतं आणि परीक्षा संपली की पाटीवरच्या खडूसारखं पुसून जातं. बाकीच्यांना वाटतं, आपला याच्याशी काय संबंध? पण ज्यानं रेल्वेनं प्रवास केला आहे, ज्यानं उतारावरच्या शेतात बांध घातला आहे, जिनं चार माणसांच्या खिचडीचं माप चाळीस माणसांसाठी वाढवलं आहे, त्या सगळ्यांची या समीकरणाशी ओळख आहे. ओळख आहे, फक्त नाव माहीत नाही.

मी गणिताचा माणूस नाही. बी.ए. झालो, कविता लिहितो. हा विषय माझ्याकडे आला तो आमच्या गल्लीत बी.एस्सी. करणाऱ्या एका मुलीमुळे. ती घोकायची, ‘डो एम बाय डो वाय इज इक्वल टू डो एन बाय डो एक्स.’ गणितं सुटत होती, मार्कही पडत होते. एक दिवस तिनंच विचारलं, “चाचा, सब आता मेरेकू, पन इसमें एक्झॅक्ट क्या है?” उत्तर येतं, पण कशाचं उत्तर ते कळत नाही, ही तिची अडचण. मला तो प्रश्न भाषेचा वाटला, म्हणून मी त्याच्या मागे लागलो. तिची वही, ग्रंथालयातली पुस्तकं आणि जाणकारांशी झालेल्या गप्पा यांतून जे हाती लागलं ते सांगतो. रेडिओवर फळा नसतो, खडू नसतो. त्यामुळे सगळं शब्दांतच सांगावं लागेल, आणि तेच बरं.

आमचं मुदखेड हे जंक्शन. पश्चिमेला नांदेड-परभणीची वाट, आग्नेयेला उमरी-धर्माबादवरून निजामाबादची आणि ईशान्येला भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादची. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी असते. मोठ्या अक्षरांत गावाचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची. प्रवासी नाव वाचतात, खालचा आकडा सहसा कुणी वाचत नाही. आज आपण त्या आकड्याकडे बघू.

समजा, मुदखेडहून नागपूरला जायचं आहे. एक वाट किनवट, आदिलाबाद, वणी, वरोरा, हिंगणघाटवरून जाते. दुसरी वाट म्हणजे आधी मागे पूर्ण्याला जायचं आणि तिथून हिंगोली, वाशीम, अकोला करत नागपूर गाठायचं. दोन्ही वाटांचं अंतर वेगळं, वेळ वेगळा, भाडं वेगळं. वाटेत किती चहा प्याल तेही वेगळं. पण मुदखेडच्या पाटीवरचा आकडा आणि नागपूरच्या पाटीवरचा आकडा यांतला फरक मात्र एकच. तुम्ही किनवटवरून जा, अकोल्यावरून जा, नाहीतर मुंबईला वळसा घालून जा.

म्हणजे प्रवासाचे हिशेब दोन प्रकारचे असतात. एक हिशेब वाट लक्षात ठेवतो. भाडं, इंधन, घाम हे त्यातले. दुसरा हिशेब वाट विसरतो. कुठून निघालात आणि कुठे पोचलात एवढंच तो विचारतो. उंची त्यातली. आणि गंमत अशी की दोन्ही हिशेब लहान लहान बदलांच्या बेरजेनंच होतात. गाडी प्रत्येक पावलाला थोडी चढते, थोडी उतरते. त्या बारीक चढउतारांची बेरीज म्हणजे उंचीतला एकूण फरक. ज्या बारीक बदलांची बेरीज वाटेवर अवलंबून नसते, त्यांना गणितात ‘एक्झॅक्ट’ म्हणतात. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इतकंच आहे. पुढचं सगळं त्याचा उलगडा आहे.

आधी ‘डिफरन्शियल’ या शब्दाचं भय घालवू. मराठीत आपण ‘विकलन’ म्हणतो, आणि उलट क्रियेला ‘संकलन’. पण आमच्या भागात या शब्दांच्या आधी दुसरे शब्द येऊन गेले. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड हैदराबाद संस्थानात होतं. तिथे १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ गणित, विज्ञान, वैद्यक सगळं उर्दूतून शिकवत असे, आणि त्यासाठी पुस्तकं उर्दूत आणायला अनुवादाचं एक स्वतंत्र खातंच उभारलेलं होतं. उर्दूत डिफरन्शियल इक्वेशनला म्हणतात ‘तफर्रुकी मसावात’. शब्द भारदस्त वाटतो, पण त्याचं मूळ ज्या अरबी शब्दात आहे तो शब्द मराठी माणूस दिवसातून दहा वेळा उच्चारतो, तो म्हणजे ‘फरक’. तफर्रुकी मसावात म्हणजे फरकांचं समीकरण. आणि संकलनाला उर्दूत ‘तकमिला’ म्हणतात, म्हणजे पुरं करणं. ‘कमाल’ आणि ‘मुकम्मल’ हे त्याचेच भाऊबंद. फरक घ्यायचे आणि ते जोडून पुरं चित्र उभं करायचं, एवढाच हा सगळा व्यवहार.

आता एका माळावर उभे राहू. माळ सपाट नाही, चढउताराचा आहे. मध्ये एक खुंट ठोकला आहे, तिथून मोजायचं. खुंटापासून पूर्वेला किती आलो त्याला म्हणू एक्स, उत्तरेला किती आलो त्याला म्हणू वाय. कुठल्याही जागी उभं राहून दोन गोष्टी विचारता येतात. इथून पूर्वेला पाऊल टाकलं तर चढ किती? आणि उत्तरेला टाकलं तर चढ किती? पहिल्या चढाला पुस्तकात ‘एम’ म्हणतात, दुसऱ्याला ‘एन’. पूर्वेला टाकलेलं बारीकसं पाऊल म्हणजे ‘डीएक्स’ आणि उत्तरेला टाकलेलं ‘डीवाय’. एम गुणिले डीएक्स अधिक एन गुणिले डीवाय, म्हणजे त्या छोट्याशा हालचालीत झालेली एकूण चढाई. पुस्तकातलं ते भीतीदायक वाक्य इतकं साधं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका माळावर पूर्वेचा चढ आहे ‘दोन गुणिले एक्स गुणिले वाय, अधिक तीन’. आणि उत्तरेचा चढ आहे ‘एक्सचा वर्ग, अधिक चार वाय’. आपल्याला खुंटापासून एक एकक पूर्वेला आणि एक एकक उत्तरेला असलेल्या झाडापाशी जायचं आहे. वाटा दोन: आधी पूर्वेला मग उत्तरेला, किंवा आधी उत्तरेला मग पूर्वेला.

पहिली वाट. पूर्वेला चालताना वाय शून्यच आहे, म्हणून चढ सतत तीन. एक एकक चाललो, चढाई झाली ३. आता उत्तरेला वळलो. एक्स एक आहे, म्हणून उत्तरेचा चढ एकपासून सुरू होतो आणि सारख्या गतीनं वाढत पाचवर पोचतो. सरासरी तीन, म्हणून चढाई पुन्हा ३. एकूण ६.

दुसरी वाट. आधी उत्तरेला चाललो. एक्स शून्य आहे, म्हणून चढ शून्यापासून चारपर्यंत वाढतो. सरासरी दोन, चढाई २. मग पूर्वेला वळलो. वाय आता एक आहे, चढ तीनपासून पाचपर्यंत जातो. सरासरी चार, चढाई ४. एकूण पुन्हा ६.

एकीकडे तीन अधिक तीन, दुसरीकडे दोन अधिक चार. वाटेतला त्रास वेगळा वाटला गेला, पण झाडाची उंची तीच आली. हा हिशेब एक्झॅक्ट आहे.

पण दर वेळी प्रत्येक वाट चालून बघायची का? वाटा तर अगणित. इथे ते घोकलेलं वाक्य कामाला येतं. अगदी चिमुकला चौकोन घ्या, पायाखाली मावेल एवढा. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला दोन वाटा: पूर्व-उत्तर किंवा उत्तर-पूर्व. पूर्वेचं पाऊल पहिल्या वाटेत खालच्या कडेवर पडतं, दुसऱ्या वाटेत वरच्या कडेवर. म्हणून बघायचं की उत्तरेकडे सरकल्यावर पूर्वेचा चढ किती बदलला. तसंच उत्तरेचं पाऊल एका वाटेत डाव्या कडेवर पडतं, दुसऱ्या वाटेत उजव्या कडेवर. म्हणून बघायचं की पूर्वेकडे सरकल्यावर उत्तरेचा चढ किती बदलला. हे दोन बदल सारखे असतील, तर दोन्ही वाटांची बेरीज सारखी. ‘डो एम बाय डो वाय’ म्हणजे पहिला बदल, ‘डो एन बाय डो एक्स’ म्हणजे दुसरा. एक चौकोन जुळला, शेजारचा जुळला, माळावरचे सगळे जुळले, की मोठ्या वाटाही जुळतात. आपल्या माळावर हे दोन्ही बदल ‘दोन एक्स’ येतात. जुळलं.

आता सोडवणं. लक्षात घ्या, आपल्याला माळाची उंची कुणी सांगितलेली नाही, फक्त चढ सांगितले आहेत. चढांवरून डोंगर ओळखायचा आहे. आधी फक्त पूर्वेचे चढ जोडायचे. ‘दोन एक्स वाय अधिक तीन’ याचं एक्सच्या दिशेनं संकलन केलं की मिळतं ‘एक्सचा वर्ग गुणिले वाय, अधिक तीन एक्स’. पण यात एक गोष्ट निसटलेली असू शकते. जी केवळ वायवर अवलंबून आहे, ती पूर्वेला चालणाऱ्याला दिसणारच नाही, कारण पूर्वेला चालताना वाय बदलत नाही. ती शोधायला उत्तरेच्या चढाला विचारायचं. आपण काढलेल्या उंचीतून उत्तरेचा चढ येतो ‘एक्सचा वर्ग’. खरा चढ आहे ‘एक्सचा वर्ग अधिक चार वाय’. म्हणजे ‘चार वाय’ राहिले होते. ते वायच्या दिशेनं जोडले की ‘दोन गुणिले वायचा वर्ग’. झाला डोंगर पुरा: एक्सचा वर्ग गुणिले वाय, अधिक तीन एक्स, अधिक दोन वायचा वर्ग. एक्स आणि वाय दोन्ही एक धरून बघा, उत्तर ६ येतं. आपण चालून काढलेलं तेच.

परीक्षेत समीकरणाच्या शेवटी ‘बरोबर शून्य’ असतं. त्याचा अर्थ काय? चढाई शून्य. अशा रीतीनं चाला की उंची बदलणार नाही. अशी वाट म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातली समोच्च रेषा. एक्झॅक्ट समीकरण सोडवणं म्हणजे डोंगर ओळखून त्याच्या समोच्च रेषा सांगणं. वहीत शेवटी जो ‘बरोबर सी’ लिहितात, तो सी म्हणजे तुम्ही कोणत्या उंचीच्या रेषेवर आहात ते.

समोच्च रेषा म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला पाणी आठवतं. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको की उतारावर पडलेला पाऊस अडवला नाही तर माती घेऊन निघून जातो. तो अडवायला माळावर ‘सलग समतल चर’ खणतात. चर समोच्च रेषेवर असला तर पाणी सगळीकडे सारखं थांबतं आणि मुरतं. रेषा चुकली तर पाणी चरातून खालच्या टोकाकडे धावतं, तिथे साचतं आणि काठ फोडून जातं. मग चर नसता तर बरं झालं असतं, अशी पाळी येते. २०१६ ते २०१९ या वर्षांत वॉटर कपच्या निमित्तानं गावोगावच्या लोकांनी ही कामं केली. पहिल्या वर्षीच्या तीन तालुक्यांत आमच्या मराठवाड्यातला अंबाजोगाई होता. रेषा आखायला लोक ‘ए-फ्रेम’ वापरत. दोन बांबूंचे पाय, मध्ये आडवी काठी आणि वरून दोरीला टांगलेला दगड, म्हणजे ओळंबा. एक पाय रोवायचा, दुसरा पुढे-मागे करत जायचा. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची आणि पुढचं पाऊल. प्रत्येक पावलाला ‘चढाई बरोबर शून्य’ हे समीकरण सुटतं आणि माळावर पांढरी रेषा उमटत जाते. अक्षरओळख नसलेल्या बाईनं आखलेली ती रेषा आणि विद्यार्थ्यानं वहीत काढलेलं उत्तर, दोन्ही एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत.

आता अडचणीचा भाग. प्रत्येक हिशेब असा सरळ नसतो. आमच्याकडे सकाळी खिचडी-खट्टा असतो. खिचडीत तांदूळ आणि मसूर. समजा, तांदूळ चार मापं आणि डाळ एक माप. पाहुणे वाढले, आठ मापं तांदूळ आणखी घातला. चव तीच राहायला डाळ किती वाढवायची? कुणीही सांगेल, दोन मापं. यामागचा नियम असा: डाळीचं माप गुणिले वाढवलेला तांदूळ, वजा तांदळाचं माप गुणिले वाढवलेली डाळ, बरोबर शून्य. एक गुणिले आठ वजा चार गुणिले दोन. आलं शून्य.

तांदळाला एक्स म्हणा, डाळीला वाय. समीकरण झालं ‘वाय डीएक्स वजा एक्स डीवाय बरोबर शून्य’. कसोटी लावा. एम आहे वाय, त्याचा वायच्या दिशेनं बदल एक. एन आहे उणे एक्स, त्याचा एक्सच्या दिशेनं बदल उणे एक. जुळत नाही. मघासारखं चालून बघा. आधी पूर्वेला मग उत्तरेला गेलात तर बेरीज येते उणे एक. आधी उत्तरेला मग पूर्वेला गेलात तर अधिक एक. एकाच झाडाची एका वाटेनं उंची वेगळी, दुसऱ्या वाटेनं वेगळी! असा डोंगर असू शकत नाही.

मग समीकरण टाकून द्यायचं? नाही. त्याला गुणक लावायचा. सगळ्या समीकरणाला वायच्या वर्गानं भागा. उजवीकडे शून्यच आहे, त्यामुळे समीकरणाचा अर्थ बदलत नाही. पण आता डावी बाजू म्हणजे ‘एक्स भागिले वाय’ यातला बारीक बदल होते, आणि कसोटी जुळते. उत्तर: एक्स भागिले वाय कायम. तांदूळ आणि डाळ यांचं प्रमाण कायम. आपली आई जे हाताच्या अंदाजानं सांभाळायची ते हेच. वायनं भागताना वाय शून्य असून चालत नाही, हेही रास्तच. डाळच नसेल तर खिचडीचं प्रमाण कसलं?

अशा गुणकाला पुस्तकात ‘इंटिग्रेटिंग फॅक्टर’ म्हणतात. दोनच चल असलेल्या आणि नीट वागणाऱ्या समीकरणाला असा गुणक जवळपासच्या टापूत असतोच, हे सिद्ध झालेलं आहे. तो सापडणं मात्र दर वेळी सोपं नसतं. मुलं त्यासाठी चार-पाच नियम पाठ करतात. नियम पाठ करायला हरकत नाही, पण आपण काय शोधतो आहोत हे माहीत असावं. हिशेब विस्कटलेला दिसतो, कारण तो चुकीच्या मापानं मांडला आहे. योग्य माप सापडलं की तोच हिशेब जुळतो.

हे नुसतं खिचडीपुरतं नाही, आणि इथे आपण पुन्हा पिवळ्या पाटीकडे येतो. पाटीवरची उंची मोजतात कशी? पाणसळ बसवलेली दुर्बीण मध्ये ठेवतात, मागे-पुढे खुणांच्या पट्ट्या उभ्या करतात आणि दोन पट्ट्यांतला फरक लिहून घेतात. मग पुढचा टप्पा. अशा हजारो फरकांची बेरीज समुद्रकिनाऱ्यापासून आतपर्यंत येते. काम बरोबर झालं की नाही हे बघायला मोजणीदार वळसा घालून पुन्हा सुरुवातीच्या खुंटाशी येतात. बेरीज शून्य यायला हवी. जी काही उरते तिला ‘क्लोजिंग एरर’ म्हणतात.

पण एक बारकावा आहे. माणसांनी काहीही चूक केली नाही, तरी मोठ्या वळशात ही बेरीज नेमकी शून्य येत नाही. कारण पृथ्वी पुरती गोल नाही. ती विषुववृत्तावर फुगलेली आणि ध्रुवांवर चपटी आहे, शिवाय स्वतःभोवती फिरते. त्यामुळे गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही. विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण ९.७८० आहे, ध्रुवावर ९.८३२, मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात. एकावर एक दोन संथ पाण्याचे पृष्ठभाग कल्पिले तर ते विषुववृत्तापाशी एकमेकांपासून जास्त लांब असतात आणि ध्रुवाकडे जवळ येतात. पाणसळ तर संथ पाण्याची पातळीच दाखवते. म्हणून एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर चढताना तुम्ही कुठून चढलात यावर मोजलेली चढाई बदलते. म्हणजे उंचीचा जो हिशेब आपण एक्झॅक्ट धरला, तो बारीक नजरेनं पाहिला तर एक्झॅक्ट नाही!

उपाय तोच, गुणक. प्रत्येक टप्प्यावरच्या चढाईला तिथल्या गुरुत्वानं गुणायचं आणि मग बेरीज करायची. आता मिळतं ते एक किलो पाणी तिथवर उचलायला लागणारं काम, आणि ते वाटेवर अवलंबून नसतं. शेतातल्या चरासाठी हा फरक धरायची गरज नाही, पण देशभराच्या मोजणीत तो धरावाच लागतो. तिथे गुरुत्व हाच इंटिग्रेटिंग फॅक्टर असतो.

हे गणित जन्मालाही याच प्रश्नातून आलं, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. अलेक्सी क्लेरो हा फ्रेंच गणिती १७१३ सालचा. १७३६ मध्ये पृथ्वीचा आकार ठरवायला उत्तरेच्या लॅपलंडमध्ये गेलेल्या मोहिमेत तो होता, तेव्हा त्याची पंचविशीही झाली नव्हती. तिथल्या मोजणीनं पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याला दुजोरा दिला. परत आल्यावर १७३९ आणि १७४० मध्ये त्यानं आपली ही जुळणीची कसोटी मांडली. त्याच दशकात ऑयलरही त्याच वाटेवर होता. मग १७४३च्या पृथ्वीच्या आकारावरच्या ग्रंथात क्लेरोनं ती वापरली. त्याचा विचार असा: पृथ्वी द्रव असती आणि तिच्या पोटातून एक बंद वळसा घालणारा कालवा काढला, तर त्यातलं पाणी आपोआप गरागरा फिरत राहता कामा नये. पूर्ण वळशाची बेरीज शून्य हवी. आपल्या माळावरच्या चौकोनाचाच हा मोठा भाऊ.

पृथ्वीच्या आकाराच्या याच प्रश्नासाठी विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजणी सुरू केली आणि दख्खन ओलांडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. काम अर्धं असताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं नेलं. किनवटवरून नागपूरला जाणारी आपली मघाची गाडी याच हिंगणघाटावरून जाते.

दुसरीकडेही हाच प्रकार दिसतो. एखाद्या वायूला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत न्यायला किती उष्णता लागेल, हे वाटेवर अवलंबून असतं. उष्णतेचा हिशेब भाड्यासारखा. पण प्रक्रिया उलटवता येण्याजोगी संथ असेल आणि उष्णतेच्या प्रत्येक घासाला त्या क्षणीच्या निरपेक्ष तापमानानं भागलं, तर बेरीज वाट विसरते. त्या बेरजेला क्लॉसियसनं १८६५ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिलं. विसाव्या शतकातली किती यंत्रं त्या एका भागाकारावर उभी आहेत! तिथेही एक योग्य गुणक सापडला, एवढंच.

म्हणून विद्यार्थ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं. असं समीकरण समोर आलं की लेखणी उचलण्याआधी स्वतःच्या भाषेत तीन प्रश्न विचारा. मराठीत विचारा, उर्दूत विचारा, दखनीत विचारा. पहिला, दोन वाटांनी गेलो तर हिशेब जुळतो का? दुसरा, जुळत असेल तर हे चढ कोणत्या डोंगराचे आहेत? तिसरा, जुळत नसेल तर माझं माप बदलून तो जुळेल का? ‘डो एम बाय डो वाय’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, संकलन हे दुसऱ्याचं आणि इंटिग्रेटिंग फॅक्टर हे तिसऱ्याचं. प्रश्न माहीत असले की उत्तरं पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप आठवतात. आणि ज्यांना परीक्षा द्यायची नाही, त्यांनी पुढच्या वेळी गाडीची वाट बघताना पिवळ्या पाटीचा खालचा आकडा एकदा वाचावा. कुणीतरी पावलापावलानं फरक जोडत तो तिथवर आणला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)